फुकट आहे, घेऊन जा

काल रात्री साडेनऊ वाजता मी आणि माझा नवरा, दोघंही पन्नाशी उलटलेले, मोबाईलचा टॉर्च लावून गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर आमचाच ड्रॉवर चोरायला गेलो होतो. चार कुत्री मागे, नवऱ्याच्या पायात बाथरूम स्लीपर, आणि मी दबक्या आवाजात 'तो नाही, खालचा, खालचा' करतेय. हे का करावं लागलं ते सांगते. माझी चूक नाहीये एवढं आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक शोकेस होती. सात फूट लांब, सहा फूट उंच, अंगावर सनमायका, तोसुद्धा लाकडाच्या डिझाईनचा, म्हणजे लाकडावर लाकडाचा फोटो. सासऱ्यांनी १९९६ साली सुताराला पंधरा दिवस हॉलमध्ये बसवून करून घेतली. मधोमध एकवीस इंची टीव्हीसाठी भगदाड, त्या टीव्हीचं कुबड मागे मावावं म्हणून खोली दोन फूट. आता टीव्ही भिंतीला चिकटलाय आणि भगदाडात इस्त्री, गौरीचे मुखवटे आणि तीन बंद पडलेले राऊटर. रंगकाम काढलं, पेंटर म्हणाला सोमवारपर्यंत ही हलवा. तेव्हा लक्षात आलं की जी वस्तू सुताराने घरात बसून केली ती तीन फुटी दारातून बाहेर जाईल का हे तेव्हा कोणीच बघितलं नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याचं मत, 'राहू दे ना, खायला मागते का?'

मी ठरवलं, एक रुपया खर्च करायचा नाही. रंगानेच कंबरडं मोडलं होतं.

भंगारवाला वर आला, दारातूनच बघितलं आणि हसला. लोखंड अठ्ठावीस, रद्दी चौदा, लाकूड? लाकूड नाही घेत भाभी. कचऱ्याच्या ताई म्हणाल्या, माझ्या ढकलगाडीत हे कुठं बसवू, तुम्हीच सांगा. बरोबरच आहे त्यांचं. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना झाली तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कचऱ्यातलं ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्यांनी कशाला किंमत आहे हे नावातच सांगून ठेवलंय, आणि त्यात लाकूड नाही. आमच्या शोकेसमध्ये त्या तीनपैकी एकच गोष्ट होती, काच. चार सरकत्या काचा. त्या कशा गेल्या तोच खरा किस्सा आहे.

लेकीने फोटो काढून ॲपवर टाकला. किंमत शून्य, वर स्पष्ट लिहिलं, 'फुकट आहे, घेऊन जा'. दहा मिनिटांत मेसेज यायला लागले. पहिला, 'लास्ट प्राईस?' दुसरा, 'थोडं कमी होईल का?' शून्याच्या खाली जायचं म्हणजे मी त्याला पैसे द्यायचे. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही, कारण शेवटी तसंच झालं.

रविवारी दुपारी एक गृहस्थ आले. सोबत बायको आणि मेव्हणा. मेव्हणा कारपेंटर लाईनमधला आहे, अशी ओळख करून दिली. सात फुटी शोकेस न्यायला हे तिघं दोन स्कूटरवरून आले होते, तिथेच मी शहाणी व्हायला हवं होतं.

'कितीची आहे मॅडम?'

'फुकट. लिहिलंय ना.'

'ते झालं हो. पण फायनल काय?'

तोपर्यंत मेव्हणा शोकेसला भिडला होता. बोटाच्या पेरांनी टकटक वाजवायचं, कान लावायचा, पुन्हा टकटक, डॉक्टर पाठीवर वाजवून बघतात तसं. मग उठून उभा राहिला, पँटचे गुडघे झटकले आणि दाजींकडे बघून गंभीर मान हलवली. 'कमर्शियल प्लाय आहे. मरीन नाय.'

'नाहीच आहे मरीन,' मी म्हटलं, 'समुद्रात सोडायचीये का?'

'वाळवी?'

'नाही.'

'कशावरून?'

आता काय सांगणार. गेली सात वर्षं मी त्या शोकेसला शिव्या घालतेय, पण परका माणूस तिला नावं ठेवायला लागल्यावर मला एकदम सासरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी समोर उभं राहून करून घेतलीये, एक बिजागरी बदलावी लागली नाही आजवर. मेव्हणा म्हणाला, 'उघडलीच नसेल.'

बायको तोवर एकेक ड्रॉवर उघडून आतलं बघत होती. खिळ्यांची पुडी सापडली, ती यासोबत आहे का विचारलं. मुखवटे बघून 'अय्या, गौरी?' केलं, हे पण द्यायचंय का असं तिच्या चेहऱ्यावर आलेलं मी बघितलं म्हणून पटकन उचलून बेडरूममध्ये ठेवले. मग ती म्हणाली, आमच्याकडे सगळं ग्रे आहे, हे मॅच नाही होणार. मग पाणी मागितलं. पाण्याबरोबर मी चहा विचारला, कारण आपल्याला सवय असते, आणि तिघांनी हो म्हटलं, दोन साखरेचे, एक बिनसाखरेचा.

चहा पिता पिता त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला. 'थांबा, आईला दाखवतो.' मोबाईल शोकेसवरून फिरत फिरत माझ्यावर आला, मी गाऊनवर ओढणी घेऊन उभी, हातात ट्रे. पलीकडून आवाज आला, 'ह्या कोण?' गृहस्थ म्हणाले, 'ह्या देणाऱ्या.' पलीकडे जरा शांतता. मग, 'बरी आहे रे. पण जुनी झालीये.'

कोणाबद्दल ते कोणीच सांगितलं नाही. नवरा किचनमध्ये तोंडावर नॅपकिन धरून उभा होता.

शेवटी गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, 'बरं, मग कधी सोडताय?'

'कोण सोडतंय?'

'तुम्ही. आमच्याकडे, नऱ्हेला.'

मी म्हटलं, अहो, वस्तू फुकट देतेय, नेऊन पण मीच घालायची?

'मॅडम, वस्तू फुकट आहे, मान्य. पण न्यायला आम्हाला फुकट पडत नाय ना. उलट बघा, जागा तुमची मोकळी होतीये. फायदा कुणाचा?' मग मोठ्या मनाने, 'चला, टेम्पोचे अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही.'

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, भांडी घासताना रोज सुचवून बघते.

शेवटी मेव्हण्यानेच तोडगा काढला. शोकेस नकोच दाजी, काचा बऱ्या आहेत, पाच एमएमच्या आहेत, आपल्या किचनला होतील. पाच मिनिटांत चारही काचा बाहेर. गुंडाळायला काही आहे का म्हणाले, मी चादर दिली. चांगली सोलापुरी चादर, दिवाणवरची. दोन स्कूटरवर मधे काचा उभ्या धरून मंडळी गेली. चादर अजून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला पुन्हा हाक मारली, म्हटलं काढून ने कसंही. तो बघून म्हणाला, 'काच कुठे गेली? काच असती तर बघितलं असतं.'

आमच्या लहानपणी असं नव्हतं. म्हणजे जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये, पण बोहारीण यायची दारात. आई तीन जुन्या साड्या आणि बाबांची पँट घेऊन बसायची, दोन तास घासाघीस, शेवटी एक स्टीलचं पातेलं आणि वर चमचा, आणि बोहारीण जाताना म्हणायची, बाई, बुडवलंत मला. दोघी खूश. लाकडी फर्निचरची बोहारीण का नसते? आणि लाकडाचं तर काय, होळीच्या आधी आठवडाभर वाड्यातली पोरं फिरायची, अंगणात मोडकी खुर्ची दिसली की गायब, आजोबा आपल्या पाटावर बसून राहायचे. यंदा मी सोसायटीत सुचवलं होतं की होळीला शोकेस देते. पण आमच्याकडे आता पाच गोवऱ्या, एरंडाची एक फांदी आणि बाकी सगळा डीजे. शिवाय पहिल्या मजल्यावरचे रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर म्हणाले, प्लायवूड जाळायचं नसतं, त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, धूर वाईट. बरोबर आहे. म्हणजे जळायच्या पण लायकीची नाही.

आणि खरं सांगू का, इथे माझं डोकं फिरतं. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग केले. मी तीनही करते, पॅड कागदात गुंडाळून वेगळं, बॅटरीचे सेल वेगळे, सगळं. सात फुटी शोकेस यातल्या कुठल्या डब्यात टाकू? महापालिकेच्या ऑफिसला फोन केला तर म्हणाले फोटो टाका, फोटो टाकला तर संध्याकाळी मेसेज, तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. शोकेस माझ्यासमोर उभी. विकत घेताना बघा, हप्ते आहेत, फ्री डिलिव्हरी आहे, दोन पोरं तिसऱ्या मजल्यावर आणून जोडून पण देतात. बाहेर न्यायला कुत्रं येत नाही. मग प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर एक सोफा पोटातला काथ्या बाहेर काढून बसलेला दिसतो आणि आपण म्हणतो, काय लोक असतात. ते लोक आता मीच आहे.

कारण शनिवारी मी हरले. नाक्यावरच्या टेम्पोवाल्याला बाराशे दिले. दोन पोरं करवत घेऊन आली, चाळीस मिनिटांत सासऱ्यांच्या पंधरा दिवसांचे तुकडे. मी विचारलं, कुठे नेणार? तो म्हणाला, 'असतं आमचं ठिकाण.' पुढे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मलाही कळतं, पण उत्तर माहीत असलं की माणूस विचारत नाही.

त्याचं ठिकाण आमच्या गेटपासून दीडशे पावलांवर निघालं.

काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. 'हा कचरा कुणाचा? लाज वाटली पाहिजे.' त्याखाली सतरा अंगठे, त्यातला एक माझ्या नवऱ्याचा, न वाचता दिलेला. मग कोणीतरी झूम केलेला फोटो टाकला. ड्रॉवरच्या तळाला अंथरलेलं २००९ सालचं 'कालनिर्णय', पालथं, आणि त्याच्या मागे माझ्या सासूबाईंच्या अक्षरात महिन्याचा हिशोब. दूध दीड लिटर, १२ तारखेला दूध नाही, कोल्हापूर. गॅसचा नंबर लावला. आणि खाली चौकट करून, 'तळमजला पाटणकर वहिनी – साखर २ वाट्या, परत नाही.'

पाटणकर वहिनी ग्रुपवर आहेत. त्यांनीच पहिलं ओळखलं.

त्यानंतर जे झालं ते मी लिहीत नाही. चेअरमन वर येऊन गेले, शांतपणे बोलले, ते जास्त लागलं. साखरेवर वहिनींचं म्हणणं आहे की परत केली होती, सासूबाई हयात नाहीत, म्हणजे आता मी दोन घरांच्या मधे उभी.

तर म्हणून रात्री साडेनऊला ड्रॉवर आणायला गेलो. बाकीची शोकेस तिथेच आहे, आज टेम्पोवाल्याला फोन लावतेय, उचलत नाही. ड्रॉवर घरात आलाय. नवऱ्याने तो पुसला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, 'मजबूत आहे गं. स्क्रू ठेवायला होईल.' राऊटर आत्ताच त्यात गेले सुद्धा.

आणि आत्ता हे लिहिताना नऱ्हेच्या गृहस्थांचा मेसेज आलाय. 'मॅडम काचा सरकायचे ॲल्युमिनियम चॅनेल तुमच्याकडेच राहिले. कधी सोडताय?'