विहिरीवरचं झाकण

मलेरिया वाढला की आपलं पहिलं बोट नाल्याकडे जातं, दुसरं झोपडपट्टीकडे. मुंबईपुरता तरी हा समज १९११ सालीच मोडीत निघायला हवा होता.

त्या वर्षी डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. शहरात ताप पसरवणारा डास कोणता, तर ॲनोफिलीस स्टीफेन्सी. आणि तो अंडी घालतो कुठे? गटारात नव्हे, स्वच्छ पाण्यात. म्हणजे घरोघरच्या विहिरी आणि टाक्या. फोर्टातल्या प्रतिष्ठित घरांच्या विहिरीसुद्धा त्यात आल्या.

आता उपाय सोपा वाटतो: विहिरी बुजवा. विहार तलावाचं पाणी नळाने १८६० मध्ये आलं होतं, तानसा तलावाचं १८९२ मध्ये. पिण्यासाठी विहिरीवाचून अडणार नव्हतं. पण पूजेला नळाचं पाणी चालेना. पारशी आणि हिंदू, दोघांचाही विरोध झाला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर पाहिलीत तर या भावनेला हसावंसं वाटणार नाही. पारशी मंडळी आजही तिथे प्रार्थनेला येतात.

मला यातली तडजोड फार आवडते. विहिरीचं तोंड बंद करायचं, पण पाणी काढण्यापुरतं बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवायचं. डास आत जाणार नाही, कळशी मात्र जाईल. प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारच्या माणसांनी घरात घुसून आजारी माणसं उचलून नेली, त्यातून १८९८ मध्ये मुंबईत दंगल पेटली. त्यापुढे हे जाळीचं दार मला कितीतरी शहाणं वाटतं. (सगळे साहेब एकाएकी प्रेमळ झाले, असं मुळीच म्हणायचं नाही.)

आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतलीय, डास तोच आहे. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करा, म्हणतात. आमच्या टाकीचं झाकण तडकलंय; त्यावर प्लास्टिकचा कागद आणि दोन विटा. महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन तपासायला येतो, तेव्हा गच्चीची किल्ली सापडत नाही. औषध फवारणीचं मशीन गल्लीत धूर सोडून गेलं की सगळे खूश.

येत्या सोसायटी मीटिंगमध्ये लॉबीच्या टाइल्सआधी झाकणाचा विषय घ्या, असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलंय. त्यांनी अंगठा पाठवलाय.