'प्रत्येक गर्भवतीला 11 हजार' : हिशेब तसा नाही

मोबाइलवर वरचेवर फिरणारा मजकूर असा: 'केंद्र सरकार प्रत्येक गर्भवतीला 11 हजार रुपये देतं. फक्त आधार कार्ड लागतं. अर्ज भरला की पैसे खात्यात.' मजकुराचा रोख प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेकडे आहे. योजना खरी आहे, पण ही तिन्ही वाक्यं तिच्या नियमांत बसत नाहीत.

'11 हजार' ही दोन बाळंतपणांची बेरीज आहे. पहिल्या बाळाला 5 हजार, मुलगा असो वा मुलगी. दुसरी मुलगी झाली तर 6 हजार, एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर शून्य. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक जरी मुलगी असली तरी 6 हजार मिळतात. हे नियम 1 एप्रिल 2022 पासूनचे.

पहिले 5 हजारही एकदम येत नाहीत. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली की 3 हजार. उरलेले 2 हजार बाळाची जन्मनोंदणी आणि 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. म्हणजे डिंकाचे लाडू खायच्या दिवसांत दुसरा हप्ता हातात नसतोच.

'प्रत्येक गर्भवतीला' हे मात्र नुसतं अफवा म्हणून सोडून देता येत नाही, कारण कायदा जवळपास तेच म्हणतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 4 नुसार गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान 6 हजार रुपये मिळायला हवेत. वगळल्या त्या फक्त सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमांतल्या नियमित नोकरदार आणि दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया. कितवं मूल, ही अट कलमात नाही; ती योजनेने आणली.

31 डिसेंबर 2016 ला पंतप्रधानांनी 6 हजारच जाहीर केले होते. मे 2017 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले 5 हजार, तेही पहिल्याच बाळासाठी. उरलेला हजार दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतून येईल आणि 'सरासरी' 6 हजार होतील, असं स्पष्टीकरण दिलं गेलं. महाराष्ट्रात त्या योजनेत ग्रामीण बाळंतिणीला 700 आणि शहरी बाळंतिणीला 600 रुपये आहेत, तेही दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातींतली असेल तरच. 5 हजार अधिक 700, झाले 5,700. बाकीच्यांचे 5 हजारच. 1,400 रुपये मिळतात ते बिहार, उत्तर प्रदेशसारख्या राज्यांतल्या खेड्यांत. सरासरी त्यांच्या जिवावर.

कात्री का लागली, हे अर्थसंकल्पात दिसतं. देशात वर्षाला ढोबळ अडीच कोटी जन्म धरले तर प्रत्येकी 6 हजारांनी 15 हजार कोटी होतात; केंद्राचा 60 टक्के वाटा 9 हजार कोटींचा. 2017-18 ची तरतूद होती 2,700 कोटी.

'फक्त आधार कार्ड' हेही चूक. माता व बाल संरक्षण कार्ड लागतं, त्यावर पाळीची तारीख लिहिलेली हवी. शिवाय पात्रतेचा एक पुरावा: 8 लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला, अन्न सुरक्षा यादीतलं रेशनकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड, यांपैकी काहीही चालतं. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या आईचा अर्ज त्यासाठी अडवता येत नाही. मुदत पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवस, दुसऱ्या मुलीसाठी तिच्या जन्मापासून 270 दिवस.

'अर्ज भरला की पैसे' यात सगळ्यात जास्त जणी फसतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे द्या नाहीतर ऑनलाइन भरा, तपासणी आणि मंजुरी होतेच. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर तो तिथेच लटकतो. मंजूर झाला तरी पैसे जातात ते आधार शेवटचं ज्या खात्याशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलं त्या खात्यात. ते कधीकाळी शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, माहेरच्या गावातलं बंद पडलेलं खातंही असू शकतं. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली असं नाही. 'आधार सीडिंग'चा वेगळा अर्ज मागून भरावा लागतो. कोणतं खातं जोडलेलं आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये ओटीपी टाकून दिसतं. अर्ज द्यायच्या आधीच ते बघून घ्यावं.