मनोऱ्याखाली अंधार

बाबा वीज खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण रस्त्याने चालताना त्यांची मान अजून वरच असते. तारा बघतात. त्यामुळे ठाण्यातला त्यांचा पाय न पडलेला खड्डा शोधावा लागेल.

अशा माणसाने डिसेंबरच्या शेवटी जाहीर केलं, "दोन जानेवारीला सिद्धगडला जायचं, भाई कोतवालांच्या स्मारकाला. पहाटे."

"अहो बाबा, भाई कोतवालांनी विजेचे मनोरे पाडले. तुम्ही जन्मभर उभे केलेत."

"म्हणून तर जायचं. एक मनोरा पाडायचा म्हणजे काय असतं, तुला काय कळणार?"

रात्री अडीचला निघालो. हिने थालिपीठं बांधून दिली आणि "माझाही नमस्कार सांगा" म्हणत पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्या वेळेला घोडबंदर रोड मोकळा असेल, अशी माझी समजूत होती. कंटेनरवाल्यांना ती मान्य नव्हती. माजिवड्यालाच पाऊण तास गेला.

गाडी हलेना, म्हणून बाबा सुरू झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १९१२ सालचा. शिकून वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणाऱ्या लाईनचे मनोरे पाडायला लागले. इथवर ठीक होतं. मग बाबांमधला लाईनमन जागा झाला.

"पण पाडताना लाईन चालू होती की बंद?"

मुरबाड गेलं, तरी प्रश्न सुटला नाही. "रात्रीची वेळ, जंगल, वर चालू लाईन. ना हातमोजे, ना परमिट!" त्यातही परमिट नव्हतं हे त्यांना जास्त लागलं होतं. खात्यात सप्लाय बंद केल्याचा कागद हातात पडेपर्यंत त्यांनी कधी खांबाला पाय लावला नाही. इंग्रज सरकारकडे आझाद दस्त्याने तसा अर्ज करायला हवा होता, असं ते म्हणाले नाहीत, एवढंच.

म्हशाच्या पुढे रेंज गेली. नकाशातला निळा ठिपका एका ओढ्यात जाऊन बसला. बॅटरी नऊ टक्के, चार्जर घरी. मला थंडीतही घाम फुटला. बाबांनी काच खाली केली, बाहेर टॉर्च मारला आणि म्हणाले, "ती अकरा केव्हीची लाईन दिसते ना? तिच्या कडेकडेने चल. लाईन गेलीय म्हणजे पुढे वस्ती आहे." खांब मोजत मोजत आम्ही पोचलो.

स्मारकापाशी पहाटेच माणसं जमली होती. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी दस्त्याला इथेच गाठलं. गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. घोषणा सुरू झाल्या. एरवी क्रिकेट बघताना तीन मजले दणाणून सोडणारे बाबा कानटोपी काढून गप्प उभे होते.

"तीस वर्षांचा होता रे," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "तिसाव्या वर्षी मी साहेबाची शिडी धरून उभा असायचो."

मी सेल्फीसाठी फोन काढला. तो तेवढ्यात मेला. "बरं झालं," बाबा म्हणाले.

दुपारी घरी आलो, तर सोसायटीत लाईट नाही. जनरेटरच्या डिझेलवर तीन सभा झाल्यात, डिझेल अजून यायचंय. आम्ही अकराव्या मजल्यावर. एरवी लाईट गेली की तिसऱ्या मिनिटाला बाबांचा फोन तक्रार केंद्रात खणखणतो. तिथली पोरं त्यांना आवाजावरून ओळखतात. आज ते मुकाट जिना चढायला लागले.

"बाबा, तक्रार?"

"राहू दे. आज नको."

सातव्या मजल्यावर माझा दम संपला. पायरीवर बसलो, समोरच्या काकूंचा फोन मागून घेतला आणि अगदी हळू आवाजात तक्रार नोंदवली.

वरच्या अंधारातून आवाज आला, "ग्राहक क्रमांक सांगितलास का?"