‘नोटा’ जिंकला की निवडणूक रद्द? अर्धंच खरं

‘नोटाला (मतदान यंत्रावरचा ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय) सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि ते उमेदवार पुन्हा उभे राहू शकत नाहीत’ असा मजकूर मतदान जवळ आलं की फिरू लागतो. लोकसभा-विधानसभेला हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात नापसंती गुप्तपणे नोंदवण्याची सोय दिली, एवढंच. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मतं, तोच विजयी. उमेदवाराने भरलेली अनामत रक्कम वाचवायला लागणारा एक षष्ठांश मतांचा वाटाही वैध मतांचाच. त्यात नोटा धरत नाहीत.

२०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसरा आला होता, २०२४ ला इंदूरमध्ये त्याला दोन लाखांहून जास्त मतं पडली. निकाल दोन्हीकडे लागलाच.

मग ही अफवा आली कुठून? बहुधा आपल्याच राज्यातून. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महापालिका, नगरपालिका निवडणुकांसाठी, नोटाला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. तो आयोग वेगळा, लोकसभा-विधानसभा निवडणुका घेणारा दिल्लीचा भारत निवडणूक आयोग वेगळा. फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोघांची खिचडी केली.