तेरवाडचे मासे आणि बासेलची ऱ्हाइन

परवा फॅमिली ग्रुपवर शिरोळच्या मामानं तेरवाड बंधाऱ्याचा फोटो टाकला, पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच, आणि वादावादी सुरू झाली. एक भाऊ म्हणतो मळीमिश्रित पाणी सोडणाऱ्यांना टाळं ठोका, दुसरा म्हणतो मग इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमधल्या कामगारांनी खायचं काय, आणि शेवटी मामी मला म्हणाली, "तुझ्याकडं बरं हाय बाई, सगळं स्वच्छ."

मामी, इथंपण नव्हतं गं. मी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला राहते, उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की लोक कपडे वॉटरप्रूफ पिशवीत कोंबून ऱ्हाइन नदीत उतरतात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात, मीपण जाते. पण ह्याच नदीकाठी १ नोव्हेंबर १९८६ ला मध्यरात्रीनंतर सँडोझ ह्या केमिकल कंपनीच्या गोडाऊनला आग लागली. आत सुमारे १३०० टन केमिकल्स, त्यात बरीचशी कीटकनाशकं, आणि आग विझवायला मारलेलं पाणी ते सगळं विष घेऊन नदीत गेलं. नदी लाल झाली, खाली शेकडो किलोमीटर वाम मासे मेले.

त्यानंतर १९८७ मध्ये काठच्या देशांनी मिळून नदी साफ करायचा कार्यक्रम आखला, आणि १९९३ पासून बासेलच्या जरा खाली, जर्मनीच्या हद्दीत वाइल आम ऱ्हाइनला तपासणी स्टेशन आहे, खर्च दोन्ही देशांचा. तिथं नदीच्या रुंदीत वेगवेगळ्या जागी पाणी उचलतात, कारण एका काठाला सोडलेली घाण लांबपर्यंत त्याच काठानं जाते, लगेच मिसळत नाही. रोज तपासणी होते, अनोळखी केमिकल आलं तरी मशीनवर दिसतं. मग खालच्या गावांना निरोप जातो, घाण कधी पोचेल त्याचा अंदाज कॉम्प्युटर मॉडेल देतं, आणि पार नेदरलँड्समधले पाणीपुरवठावाले नदीतून पाणी उचलणं थांबवू शकतात.

आता आपल्याकडं मशीन नाहीत असं नाही. साखर कारखाने, डिस्टिलरी अशा जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांडपाण्यावर चोवीस तास चालणारे मीटर लावायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्येच सांगितलंय. पण ते मीटर कारखान्याच्या दारात, आणि मामाला कळतं कधी, तर मासे तरंगल्यावर! घाण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. तोवर दोषी पाणी कधीच पुढं निघून गेलेलं असतं, मग बाटलीत सॅम्पल, पंचनामा, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तोच फोटो.

कारखाने बंद करायचे की नाही हा वाद मला म्हणूनच दुसरा वाटतो, आधी घाण कुठल्या दोन बंधाऱ्यांच्या मधे मिसळली ते तरी कळू दे. भाऊ म्हणतो स्वित्झर्लंडचा पैसा कुठं आणि आपण कुठं. अरे, ऑक्सिजनचा मीटर कोळंबीची शेती करणारेपण वापरतात, प्रत्येक बंधाऱ्यावर एक बसवा ना, वरचा आकडा बरा आणि खालचा पडला की मधल्या पट्ट्यात शोधायला लागा.

मामानं एवढंच विचारलं, तो आकडा बघणार कोण? मी लिहिलं, आधी तू, तुझ्या मोबाईलवर, मग बोर्ड.