ब्रायटनचा हवालदार, राहणार इंदिरानगर

संगणकावर पोलिस व्हायचं मनात असेल तर एक पथ्य पाळा: खेळ पूर्ण तयार होईपर्यंत थांबू नका. तयार वस्तू घेणं आपल्याला जमत नाही. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला नुसता खड्डा बघून आपण टू बीएचके बुक करतो, ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरतो आणि ताबा मिळाला की लिफ्ट कुठे आहे म्हणून बिल्डरला शोधत हिंडतो. 'स्टीम' या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ मध्ये याच व्यवहाराला 'अर्ली अ‍ॅक्सेस' असं गोंडस नाव दिलं. खेळ कच्चा आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, हे तिथे चौकटीत लिहिलेलं असतं. ते वाचू नका. वाचलंत तर नंतर "आम्हाला फसवलं" म्हणताना जीभ अडखळते.

नमुना म्हणून 'पोलिस सिम्युलेटर: पॅट्रोल ऑफिसर्स' घेऊ. म्युनिकच्या एसिर इंटरॅक्टिव्हने तो बनवला. १७ जून २०२१ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि पूर्ण म्हणवून घ्यायला त्याला नोव्हेंबर २०२२ उजाडावा लागला. म्हणजे जवळपास दीड वर्ष तो कच्चाच विकला जात होता, आणि आपल्याला हवा आहे तो नेमका तेव्हाचा काळ. जर्मनांनी रचलेलं ब्रायटन नावाचं खोटं अमेरिकन शहर, आणि तिथे गस्त घालायला इंदिरानगरचा माणूस. यात काही खटकत असेल तर तुम्ही अजून पुरेसे गेमर झालेला नाहीत.

सुरू करण्याआधी अपेक्षा नीट ठेवून घ्या. पोलिसांचा खेळ म्हणजे सायरन, पाठलाग, बॉनेटवरून उडी, गोळीबार. एवढं तर आपल्याला हक्काचं. प्रत्यक्षात तुम्हाला पायी फुटपाथवर सोडतात आणि सांगतात, त्या गाडीचं पार्किंग मीटर संपलंय का बघ. इथे संतापायचं. "हे काम तर आमच्या शालिमारचा मामा रोज करतो, त्यासाठी मी पैसे भरले?" असं मोठ्याने म्हणा, म्हणजे आतल्या खोलीतल्या वडिलांना पैसे भरल्याचंही कळेल.

ट्युटोरियल, म्हणजे खेळ शिकवणारा सुरुवातीचा धडा, अर्थातच वगळा. त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीत अख्ख्या राज्याचे फौजदार घडतात. ते भल्या पहाटे उठून परेड करतात, कायद्याची कलमं पाठ करतात. तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्ही कॉलेज रोडला वाढलात.

आता एक धोका सांगतो. हा कंटाळवाणा खेळ तासाभराने आवडायला लागतो. तुम्ही एका निळ्या गाडीपाशी उभे राहता. पाटी बघता: इथे गाडी लावायला मनाई. फुटपाथची कड बघता, पुढच्या चाकाशेजारी आग विझवणाऱ्यांसाठीचा नळ आहे. (असा नळ आपल्या मेन रोडला असता तर त्याच्या डोक्यावर कुणीतरी बेल्टांचा जुडगा टांगून दुकान मांडलं असतं.) मग नंबरप्लेट, मग नोंदणीची मुदत, मग यादीतून नेमका गुन्हा निवडायचा. चुकीचा निवडला तर गुण कापले. बरोबर निवडला की पावती काचेवर, आणि पुढची गाडी. कुणी शिवी देत नाही, कुणी पाय धरत नाही. दळण निवडताना आजीच्या चेहऱ्यावर जी शांतता असते ना, ती तुमच्या चेहऱ्यावर येते. ही खेळाची खरी ताकद आहे, पण चारचौघांत कबूल करू नका. मित्रांना सांगा, "खेळातले बग, म्हणजे चुका, बघायला खेळतोय."

याहून अवघड गोष्ट म्हणजे वर्तनाचे गुण. काम केलंत की शिफ्टचे गुण मिळतात, ते वेगळे. पण तुम्ही स्वतः कसे वागलात, याचाही हिशेब हा खेळ ठेवतो. कारण नसताना कुणाची झडती घेतलीत, गुण गेले. गरज नसताना बेड्या घातल्यात, गेले. गस्तीच्या गाडीने वाहतुकीचे नियम तोडलेत, गेले. हे गुण संपले की ड्युटी तिथल्या तिथे संपते. वर्दी आपल्या अंगावर आणि नियम आपल्यालाच? असला घोर अन्याय सहन करू नका. जगातल्या बाकी खेळांत बंदूक मिळते, ती चालवल्याबद्दल बक्षीस मिळतं. इथे माणसाला थांबवण्याआधी संशयाला काही आधार लागतो. रिव्ह्यू लिहाल तेव्हा या मुद्द्याला "वास्तवापासून फारकत" असं म्हणा. वाचणारे मान डोलावतील.

आता उणिवा. यात मात्र आपण तज्ज्ञ आहोत, म्हणून सावकाश घेऊ.

कच्च्या खेळाच्या किरकोळ खोडी सगळ्यांनाच दिसतात. चौकात एक गाडी अडली की मागे सात गाड्या, आणि एकही मागे घ्यायला तयार नाही. तेच चेहरे फिरून फिरून समोर येतात. सकाळी दंड भरलेली बाई दुपारी दुसऱ्या नावाने, त्याच जाकिटात. माणसाच्या तोंडी तीच चार वाक्यं. अर्ध्यावर खेळ बंद पडतो, आणि दोष खेळाचा की आपल्या लॅपटॉपचा हे ठरेपर्यंत पंख्याचा आवाज पाण्याच्या टँकरच्या मोटारीएवढा झालेला असतो. माझा लॅपटॉप तर ब्रायटनमध्ये पाऊस सुरू झाला की थेंबाथेंबाला विचार करायचा. यावर तक्रार करा, पण जीव ओतू नका. चौकातल्या कोंडीबद्दल नाशिकच्या द्वारका चौकातून रोज जाणाऱ्या माणसाने तक्रार केली तर लोक हसतील. उलट हा तेवढाच भाग त्यांनी आपल्याकडे येऊन, बघून केला असावा असं वाटतं.

खरी उणीव वेगळी आहे. ब्रायटनमध्ये कुणी हुज्जत घालत नाही.

म्हणजे घालतात, एका वाक्यापुरती. "हे योग्य नाही, ऑफिसर" असं काहीतरी म्हणतात, खांदे पाडतात आणि पावती घेऊन निघून जातात. याला दंड म्हणतात? तुम्ही शालिमारला नो पार्किंगमध्ये उभी स्कूटर बघा. मालक आधी दिसतच नाही. टोइंगवाल्याची पोरं स्कूटरला हात लावतात तेव्हा तो समोरच्या चपलांच्या दुकानातून एक पाय नव्या चपलेत, एक अनवाणी, असा पळत येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, दोनच मिनिटं झाली, इंजिनाला हात लावून बघा." साहेबांनी हात लावला आणि इंजिन थंडगार निघालं, तर दुसरं वाक्य: "आईचं औषध घ्यायला आलो होतो." चपलेचा खोका काखेत असला तरी चालतं. मग पाटी दिसत नाही, फांदी आडवी आली आहे. मग "त्या फॉर्च्युनरवाल्याला धरा ना, गरिबालाच पकडता." फॉर्च्युनरवाला ते ऐकून काच वर करतो. आणि शेवटी मोबाइल पुढे होतो: "घ्या, बोला." पलीकडे कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं, कित्येकदा पलीकडच्यालाही नसतं. साहेब काही फोन घेत नाहीत; दुसरीकडे बघत मशीनवर नंबर टाकतात. एवढं सगळं झालं की चलन होतं, आणि मालक ते भरत नाही, कारण लोकअदालतीत निम्म्यावर मिटेल अशी त्याला आशा असते.

हे सगळं ब्रायटनमध्ये नाही. तिथल्या माणसाला गावाकडचा मामा नाही, वॉर्डातला भाऊ नाही, खात्यात चुलत मेहुणा नाही. त्याच्याकडे फक्त परवाना आहे, आणि तो मागितल्याबरोबर काढून देतो. असल्या समाजात पोलिस होण्यात कसली आली मर्दुमकी?

म्हणून माझा सल्ला असा की, ही कमतरता घरी भरून काढा. खेळताना धाकट्या भावाला शेजारी बसवा आणि प्रत्येक पावतीला त्याने "ओ मामा, जाऊ द्या ना" म्हणायचं, असं ठरवा. दोघांनी मिळून गस्त घालायची सोयही खेळात आहे. मी गंगापूर रोडच्या एका मित्राबरोबर ती करून बघितली. कामाची वाटणी अशी झाली की अपघाताचे फोटो काढणं, साक्षीदारांची जबानी, अहवाल वगैरे माझ्याकडे, आणि तो गस्तीच्या गाडीत बसून सायरन वाजवायला. "तू कर रे, मी बॅकअप आहे," म्हणाला. खेळ वास्तवाच्या इतका जवळ पुन्हा कधी गेला नाही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं. तोपर्यंत मी ब्रायटनमध्ये बऱ्यापैकी वरच्या हुद्द्याला पोचलो होतो. सकाळी पंपावर गेलो तर रांगेत दहाबारा गाड्या आणि हेल्मेट एक. ते कुणाचं होतं, शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्याने टाकी भरली की तो डोक्यावरून काढून मागच्याला द्यायचा, पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन तोंड दुसरीकडे करायचा. माझ्या डोक्यावर ते आलं तेव्हा आतून ओलं होतं आणि खोबरेल तेलाचा वास मारत होतं. हनुवटीचा पट्टा तुटलेला, त्याला बुटाची नाडी. मी दोनशेचं पेट्रोल घेतलं, हेल्मेट मागच्या काकांच्या हातात दिलं, काकांनी "धन्यवाद" म्हटलं. त्या रात्री ड्युटीवर एका बाईने कागदाचा कप रस्त्यावर टाकला. मी तिला आडवा गेलो, ओळखपत्र मागितलं, दंड केला, वर कारण नसताना झडती घेतली. गुण गेले. मला फार वाईट वाटलं, गुणांचं.

तुम्हीही असंच करा. दिवसा जे करता येत नाही ते रात्री कडक करा. कॉलेज रोडला उलट्या बाजूने येऊन मिसळ खा, आणि घरी आल्यावर रडार गन घेऊन वेगाने जाणाऱ्यांना टिपत बसा. विवेकाची काळजी नको. त्याचे गुण कुठल्याच कोपऱ्यात दिसत नाहीत.

पैसे परत मागायचे असतील तर स्टीमवर नियम सोपा आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. तुमच्याकडून दोन तास कधीच उलटून जातील, कारण पहिल्या तासाला तुम्ही तक्रार कराल आणि दुसऱ्या तासाला "एवढी एक शिफ्ट" म्हणाल. मग उरतो रिव्ह्यू. तो लिहिताना खेळलेले तास नावाशेजारी दिसतात, हे विसरा. तीनशे चाळीस तास खेळून "अजिबात घेऊ नका, रिकामा खेळ आहे" असं लिहिण्यात एक धाडस आहे, ते नाशिककराने दाखवायलाच हवं. अपडेट आलं की "आधीचंच बरं होतं" लिहा. अपडेट नाही आलं तर "पैसे घेऊन पळाले." दोन्ही मजकूर मोबाइलमध्ये तयार ठेवा, वेळ वाचतो.

आणि ड्युटीवर असताना घरच्यांचा त्रास करून घेऊ नका. रात्री साडेदहाला तुम्ही ब्रायटनमध्ये एका राखाडी गाडीच्या मागे उभे असाल. ती कुणाच्या तरी फाटकासमोर आडवी लावलेली, घरमालकाची गाडी आत अडकलेली. बेशरमपणाची हद्द. तुम्ही फोटो काढाल, पावती कराल, टो बोलवाल. तेवढ्यात खालून हॉर्न वाजेल. एकदा, मग तीनदा, मग सलग. मग दारावरची बेल, आणि आईचा आवाज: "अरे, पहिल्या मजल्यावरचे काका आलेत. तुझी गाडी गेटात आडवी आहे, त्यांना सुनेला दवाखान्यात न्यायचंय."

हेडफोन काढायची गरज नाही. तिथूनच ओरडा, "काकांना सांग, दोनच मिनिटं."