टोपली कारवीची भौतिक प्रगती

परिसंस्थांच्या अभ्यासात पीएचडी केलेल्या मुलीला काय काम मिळतं? मला मिळालं ते 'कार्यक्रम व्यवस्थापक (कंत्राटी)'. अकरा महिने एकत्रित मानधन, मग एका दिवसाचा खंड, मग साहेबांना आठवलं तर पुन्हा अकरा महिने. मी उद्या कायमपणाचा हक्क सांगू नये म्हणून हा खंड. आईने पोवई नाक्यापर्यंत कंदी पेढे वाटले, 'लेक गव्हर्मेंटात लागली' म्हणून. खंडाचं तिला अजून सांगितलेलं नाही.

काम कास पठाराचं. साताऱ्यातून बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट चढला की पुढे कास. 2012 साली पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यातलं हे एक. जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात नत्राची बोंब. म्हणून 'सीतेची आसवं' ही निळसर नाजूक फुलं येणारी वनस्पती ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते आणि पचवते. वरून पुरवठा नसताना तग कसा धरायचा, हाच माझा पीएचडीचा विषय. मानधन थकलं की तो फार कामी येतो.

फुलं फुलतात ऑगस्ट ते ऑक्टोबर. निधी येतो मार्चमध्ये. मार्चात पठारावर वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ, आणि 31 तारखेच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर पैसे परत. एवढ्या अवधीत होऊ शकतात त्या फक्त कार्यशाळा, टोप्या आणि फलक. पावसाळी सर्वेक्षणासाठी मी रेनकोट मागितले, तर टिप्पणीवर शेरा आला : 'सध्या पाऊस नाही. गरज स्पष्ट करावी.'

पण खरी कसोटी मासिक प्रगती अहवालाची. रकाने ठरलेले : उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी. टोपली कारवी हे पठारावरचं झुडूप साधारण सात वर्षांनी एकदा फुलतं. तिच्यापुढे मी प्रामाणिकपणे दर महिन्याला 'निरंक' लिहीत गेले. शेवटी पत्र आलंच : 'टोपली कारवीबाबत भौतिक प्रगती असमाधानकारक असून विलंबाचा लेखी खुलासा तात्काळ सादर करावा.'

मी जीवनचक्राची आकृती काढून चांगला चार पानी खुलासा लिहिला. बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलावरच्या काकांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"म्याडम, चित्रं कशाला काढलीसा? लिवा, 'काम प्रगतिपथावर आहे'."

"काका, पण ती सात वर्षांनी फुलणार."

"मग तर लईच ब्येस," काका शिक्का शोधत म्हणाले. "तीन वर्षांनी सायबाची बदली. तिच्या फुलण्यापत्तुर दोन सायेब बदलत्यात. आन् तुमचं तर काय, अकराच म्हयनं."

जाताना त्यांनी मला पाठीमागून हाक मारली. वाटलं, धीराचं काहीतरी सांगतील.

"दोन प्रती लागत्यात."